कापतानाचं सोडून सगळं

माझं सलून आहे. समोरच्या भिंतीवर ओळीने आरसे, आणि मागच्या भिंतीवर एक मोठा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपलं टक्कल मागून केवढं झालंय तेही बघता यावं. कोणाला बघायचं नसतं, पण दाखवावं लागतं. अशा दुकानात कॅमेरा लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. लपवणार कुठे? जिकडे ठेवाल तिकडून तो कुठल्या ना कुठल्या आरशात डोकावतोच. पण आमच्या डायरेक्टरबाईंना हक्काची जागा ही एवढीच होती, आणि हक्काचा नट मी एवढाच.

डायरेक्टरबाई म्हणजे माझी मुलगी. ती फिल्मच्या कॉलेजात गेली त्या दिवशी मी हे नाव ठेवलं, चिडवायला. तिला वाटलं मी कौतुकाने म्हणतोय. म्हटलं, असू दे.

माझा काही विरोध नव्हता हं. विरोध करायला आधी ते काय आहे ते कळावं तर लागतं! मला वाटलं कॉलेज म्हणजे पुस्तकं, परीक्षा, निकाल. इथे पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब दुकानात येऊन म्हणतात, "बाबा, एक मिनिट, एक वस्तू, आवाज नाही, असं शूट करून द्यायचंय."

"आवाज नाही, आणि माझ्या दुकानात?" मी म्हटलं.

कारण माझ्या दुकानात आवाज नाही असं होतच नाही. गिऱ्हाईक नसलं तर मी रेडिओशी बोलतो. बायको म्हणते, या माणसाने हातात कात्री घेतली की तोंडात दुसरी चालू होते. आता खोटं कशाला बोलू, चालू होते. लोक निम्मे केसांसाठी येतात, निम्मे गप्पांसाठी.

तर पहिली फिल्म. वस्तू होती माझा दाढीचा ब्रश. ओला ब्रश वाळतो, बस. एवढंच. मी म्हटलं यात काय बघायचंय, पण ती जमिनीवर पालथी पडून, श्वास रोखून, त्या ब्रशकडे अशी बघत होती की मलाही थोडा वेळ वाटलं, काही तरी होईल. काही झालं नाही. वाळला. आणि कॉलेजात दाखवल्यावर लक्षात आलं की सगळ्या आरशांत तिचं कोपर आलंय. त्यांच्या बाईंनी विचारलं म्हणे, "वस्तू नक्की कुठली? ब्रश की कोपर?"

या बाई म्हणजे त्यांच्या शिक्षिका. मी त्यांना पाहिलं ते पुढे एकदाच, पण वर्षभर त्या आमच्याकडे राहायला असल्यासारख्याच होत्या. बाई म्हणाल्या, बाईंना चालणार नाही, बाईंना विचारते. मी एकदा म्हटलं, बाईंना विचार आज भाजी कुठली करायची. त्यावर दोन दिवस अबोला.

दुसरी फिल्म पाठलागाची. एक माणूस पुढे, एक मागे, कोणीही बोलायचं नाही. पुढे पळणारा मी, मागे माझी बायको. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, सगळा दिवस उभी, आणि संध्याकाळी घरी आली की डायरेक्टरबाई तिला गल्लीत पळवायच्या. "परत एकदा, आई, तू हसलीस." "परत एकदा, आई, मागून सायकल आली." शेवटी बायकोचे पाय सुजले, तिने घरात जाऊन चपला घातल्या आणि मग पुढचं पळाली. फिल्ममध्ये काय दिसतं? गल्लीच्या या टोकाला ती बुटांत आहे, कोपऱ्यावर वळली की चपलांत. बाईंनी आमच्या पोरीची सगळ्या वर्गासमोर बिनपाण्याने केली. घरी येऊन रडली नाही, पण जेवलीही नाही.

त्याचा परिणाम असा झाला की तिसऱ्या फिल्मच्या वेळी तिने धसकाच घेतला. काहीही बदलता कामा नये! सीन दुकानातलाच. मी एकाची दाढीमिशी काढतोय आणि आम्ही दोघं बोलतोय. शेजारच्या घड्याळवाल्याला बसवलं. तो भला माणूस, आणि मिशा अशा की लोक घड्याळं तिथे द्यायचे ते मिशा बघून. निम्मी मिशी काढली आणि उजेड गेला. ढग आले. डायरेक्टरबाई म्हणाल्या, "काका, उद्या असेच या."

"असाच म्हणजे?"

"म्हणजे एका बाजूने."

आणि तो खरंच तसा राहिला! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या मिशीने गिऱ्हाइकांची घड्याळं दुरुस्त करत बसला. कोणी विचारलं की म्हणायचा, शूटिंग चालू आहे. त्याची बायको आमच्या पोरीला अजून त्या मिशीवरून बोल लावते.

त्या फिल्ममध्ये काही म्हणजे काही चुकलं नाही. उजेड तोच, मिशी तीच, टॉवेलची घडीसुद्धा तीच. मी मनात म्हटलं, आता बाई काय बोलतात बघू. बाईंनी पूर्ण बघितली आणि म्हणाल्या, "सगळं जागच्या जागी आहे. माणूस कुठाय?"

हे वाक्य पोरगी घरी घेऊन आली आणि जेवताना मला विचारलं, "बाबा, यात माणूस नाही म्हणजे काय?"

मी म्हटलं, "मी काय मग, हँगर आहे?"

पण मला कळलं होतं त्या काय म्हणतायत. कॅमेरा लागला की मी मी राहत नाही. वर्षानुवर्षं कात्री धरणारा हा हात, कॅमेऱ्यासमोर ती कात्री दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखी धरतो. छाती पुढे, हनुवटी वर, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखा. आणि बोलतो असा की जणू बातम्या वाचतोय. पोरगी "कट" म्हणाली रे म्हणाली की खांदे खाली येतात आणि तोंडाचा पट्टा सुरू. ती हताश होऊन म्हणायची, "बाबा, हेच, आत्ता बोललात ना, तसंच बोला!" मी पुन्हा छाती पुढे काढायचो.

असं करत वर्ष संपत आलं आणि मुख्य गोष्ट पुढे आली. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक फिल्म करायची. ती चांगली ठरली तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि दुसरं वर्ष इथे नाही, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात. तिथेच राहायचं. जागा मोजक्या. फिल्म जमली नाही तर हातात एक प्रमाणपत्र आणि नमस्कार. ब्रश, पाठलाग, अर्धी मिशी, या सगळ्याचे गुण बघता डायरेक्टरबाईंचा नंबर कुठे होता ते सांगायला नको. ही एकच फिल्म तिला वाचवू शकत होती.

मला काय हवं होतं? तिला पास झालेली बघायचं होतं. आणि ती जाऊ नये असंही वाटत होतं. दुकानात खिडकीपाशी एक खुर्ची मी मोकळीच ठेवली होती. तिचा हात चांगला आहे, सुट्टीत येऊन बायकांचे केस कापायची, बायका तिच्यावर खूश. मी तिला खुर्चीबद्दल कधी काही बोललो नाही. गिऱ्हाईक मात्र तिथे बसू दिलं नाही.

मग तिने गोष्ट ऐकवली. रविवारची सकाळ, दुकान उघडायचं होतं. एका केस कापणाऱ्याची मुलगी नोकरीसाठी घर सोडून चाललीय. तिचे केस कमरेपर्यंत. बापाने सगळ्या गावाचे केस कापले, पण मुलीच्या केसांना कधी कात्री लावली नाही. जायच्या दिवशी ती म्हणते, बाबा, तुम्हीच कापा.

मी म्हटलं, "केस कोणाचे?"

"माझे."

"खोटे लावू, कॉलेजात मिळतात की."

"खोट्यावर तुम्ही खोटंच कापाल," ती म्हणाली. "खुर्चीत मीच बसणार. आणि एकदाच होणार आहे, बाबा. दोनदा करता येणार नाही."

आता आमच्या घरचं सांगतो. तिच्या केसांना मी खरंच कधी हात लावलेला नाही. ती लहान असताना बायकोने सांगून टाकलं होतं, बाहेरची डोकी तुमची, हे डोकं माझं. ते केस बायकोने वाढवले. तेल, धुणं, वाळवणं, विंचरणं, वेणी, सगळं तिचं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मायलेकी दारात बसायच्या, एक पुढे, एक मागे, आणि दिवसभराचं बोलून घ्यायच्या. मी आत चहा ढवळत ऐकायचो.

बायकोला सांगितलं. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी तिने पोरीला दारात बसवलं, तेल लावलं, विंचरलं, वेणी घातली, गाठ मारली. मग उठून आत आली आणि मला म्हणाली, "नीट कापा." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. म्हणजे बाजार, दूध, चाव्या एवढंच. मी काय केलं होतं? फिल्म तिची, केस तिचे, अक्कल बाईंची, आणि गुन्हेगार मी!

शूटिंगचा दिवस. दुकान बंद, दारावर पाटी. कॅमेरा कॉलेजचा, आणि तोही त्याच दिवसापुरता मिळालेला, संध्याकाळी परत करायचा. सोबत तिची एक वर्गमैत्रीण, उंच, हसरी, तिला मी आवाजवाली म्हणतो, कारण लांब दांड्याला लावलेला माइक ती धरते आणि आवाज एका वेगळ्या यंत्रावर घेते. कॅमेरा वेगळा, आवाज वेगळा, नंतर दोन्ही जुळवायचं. त्यांच्यात असंच करतात.

अडचण नेहमीचीच, आरसे. कॅमेरा एका कोपऱ्यात तीन पायांवर असा बसवला की तो स्वतः कुठेच दिसू नये. पण चालू झाल्यावर त्याच्या पुढे एक लाल दिवा लागतो, तो मागच्या आरशात जाऊन पुढच्यात चमकत होता. नेमका माझ्या नाकावर. पोरीने त्यावर काळी पट्टी चिकटवली. मग त्याचा छोटा पडदा उजळत होता, तोही मिटून टाकला. आवाजवाली म्हणाली, "अगं, मग चालू आहे का बंद, कळणार कसं?" डायरेक्टरबाई म्हणाल्या, "एकदा दाबलं चालू, एकदा दाबलं बंद. त्यात काय कळायचंय?"

हे वाक्य मी विसरणार नाही.

कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं, कारण ती स्वतः खुर्चीत. म्हणजे बटण दाबायचं, पळत येऊन बसायचं, अंगावर कापड ओढायचं, आणि "अ‍ॅक्शन". झालं की "कट", उठायचं, परत जाऊन बटण. सुरुवातीला दोन-तीन लहान सीन केले. मी नेहमीसारखा. "बाळ, तू खरंच चाललीस का?" हे मी असं म्हटलं की आवाजवालीच्या हातातला माइक हसण्याने हलला. पोरगी कट म्हणाली, उठली, बटण दाबलं, माझी कॉलर नीट केली, म्हणाली, "बाबा, एकदा तरी माणसासारखं." मी म्हटलं, "माणसासारखं बोललो तर घरी बोलणी खातो, इथे तरी नको."

मग तो सीन आला.

तिने वेणी पुढून मागे टाकली. मी हातात घेतली. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. मी पाठ केलेलं एक वाक्य होतं, "घर सोडणाऱ्याने मागे काही ठेवू नये," असलं काहीतरी मोठं. ते आठवलंच नाही. तोंडच उघडलं नाही. मी कात्री लावली. वेणी एका झटक्यात कापली जात नाही, लोकांना वाटतं जाते. करकर करत, थोडी थोडी. ती आरशात माझ्याकडे बघत होती आणि मी आरशाकडे बघत नव्हतो. शेवटचे केस सुटले आणि वेणी माझ्या हातातून खाली पडली.

"कट," ती म्हणाली. आवाज बारीक.

उठली, बटण दाबलं, मानेवरून हात फिरवला, आणि रडायला लागली. आवाजवालीने यंत्र बंद केलं आणि तिला जवळ घेऊन बाहेर नेलं, चहा पाजायला. मी म्हटलं, "अगं, केसच आहेत, परत येतात. रडायचं काय त्यात?" हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो. त्या गेल्या. मी मागे राहिलो, दुकान आवरलं.

परत आल्यावर शेवटचा सीन केला, मुलगी दारातून जाते आणि बाप हात हलवतो. झालं. कॅमेरा गेला. बायको संध्याकाळी आली, पोरीच्या डोक्याकडे बघितलं, मानेवर हात ठेवला. "छान कापलेत," ती तिला म्हणाली. मला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी पोरगी दुकानात आली. खुर्चीत गिऱ्हाईक, तोंडाला फेस. ती दाराशीच उभी. चेहरा असा पांढरा, मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं.

"बाबा, उलटं झालं."

"काय उलटं?"

"सकाळी तपासायला एकदा बटण दाबलं होतं. ते बंदच केलं नाही. म्हणजे नंतर मी चालू करतेय म्हणून दाबलं तेव्हा ते बंद झालं. आणि बंद करतेय म्हणून दाबलं तेव्हा चालू. सीन एकही आलेला नाही. मधलं मधलं सगळं आलंय."

"आणि कापताना?"

"कापतानाचा आवाज आहे. चित्र नाही."

माझ्या हातातला वस्तरा थांबला. गिऱ्हाईकही थांबलं, बिचारं. मी काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, "आता केस परत चिकटवता येणार नाहीत, बाबा," आणि हसायला लागली, आणि ते हसणं काही धड नव्हतं.

मला तिची इतकी दया आली की खुर्ची, खिडकी, सगळं विसरलो. म्हटलं, मी जातो त्या बाईंकडे, सांगतो, पोरीने आपलं डोकं दिलंय या फिल्मला, अजून काय पाहिजे? ती म्हणाली, "कोणी जायचं नाही." मग माझ्याकडे जरा वेगळंच बघून म्हणाली, "जे आलंय त्याचीच करते."

"मधलं मधलं म्हणजे काय काय आलंय?"

"बघाल."

गिऱ्हाइकाची दाढी उरकली, पण त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही. गिऱ्हाईक जाताना विचारून गेलं, तब्येत बरी आहे ना?

फिल्म दाखवायचा दिवस. कॉलेजातली मोठी खोली, खिडक्यांना काळे पडदे, घडीच्या खुर्च्या. आईबापांना बोलावलं होतं. बायको माझ्या शेजारी, पर्स मांडीवर, नजर पुढे. बाई पहिल्या रांगेत. बारीक चणीच्या, पांढरे केस अगदी आखूड कापलेले. धंद्याची सवय, मी मागून बघितलं, कापणाऱ्याने मानेवर घाई केली होती. पण आज टीका करायचा माझा दिवस नव्हता.

इतरांच्या फिल्म झाल्या. पाऊस, जिने, कोणीतरी सारखं धावतंय. मग दिवा गेला आणि पडद्यावर माझं दुकान.

पहिलाच मी. कोणी बघत नाही अशा समजुतीने नाक खाजवतोय. लोक हसले. मग मी कात्री हवेत चालवून बघतोय, तोंडाने कसलं तरी वाक्य घोकतोय, चुकतोय, स्वतःलाच शिवी देतोय. चित्रात आवाज नव्हता. वरून माझा सीनमधला आवाज येत होता, तो बातम्यांचा, "बाळ, तू खरंच चाललीस का?" आणि चित्रात मी तिच्या कॉलरवरचा धागा काढत होतो. तिला ते कळलंही नव्हतं, ती कॅमेऱ्याकडे बघत होती. मग ती माझी कॉलर नीट करते. मी काहीतरी बोलतो, ती मान मागे टाकून हसते. ती लांब वेणी खुर्चीच्या मागे हलते. बायकोने शेजारी श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

मग पडदा काळा. पूर्ण काळा. आणि त्या अंधारात कात्रीचा आवाज.

करकर, करकर. थांबून. पुन्हा. एवढा वेळ लागला होता का? कोणी बोलत नाही. मी, मी सुद्धा बोलत नाही. फक्त माझा श्वास, आणि तो काही बरा वाटत नव्हता. खोलीतल्या एकाही खुर्चीचा आवाज झाला नाही. मग काहीतरी मऊ, जड, जमिनीवर पडलं.

आणि चित्र आलं. मुक्या चित्रात त्या दोघी दारातून बाहेर जातात. मी एकटा. आता काय दाखवणार ते मला माहीत होतं, आणि उठून पळायला जागा नव्हती.

मी झाडू घेतो. आयुष्यभर घेतोय, हात आपोआप जातो. वेणीपाशी येतो. झाडू तिच्यावर टेकवतो. आणि थांबतो. झाडू भिंतीला उभा करतो. आजूबाजूला बघतो, कोणी नाही ना. मग गुडघे टेकून खाली बसतो. वेणी उचलतो, सुटलेले केस एकेक करून गोळा करतो, फुंकर मारून धूळ काढतो. कापल्या टोकाला खिशातल्या दोऱ्याने गाठ मारतो. कपाटातला सगळ्यात चांगला टॉवेल काढतो, जो मी गिऱ्हाइकालाही देत नाही, त्यात गुंडाळतो, आणि गुंडाळून झाल्यावर तसाच जमिनीवर बसून राहतो, ते मांडीवर घेऊन. सगळ्या आरशांत तो माणूस बसलेला. तोंड बंद.

मी म्हातारा दिसत होतो. हे मला माहीत नव्हतं.

नंतर दार, ती निघाल्याचा आवाज, आणि संपलं. दिवा लागायच्या आत, अंधारातच, बायकोचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी मला उद्देशून पूर्ण वाक्य.

"कुठे ठेवलेत?"

"वरच्या खणात. बाकीच्या टॉवेलांखाली."

तिने माझा हात धरला आणि दिवा लागला तरी सोडला नाही. आमच्या वयाची माणसं असं चारचौघांत करत नाहीत. मीही सोडवला नाही.

बाई उभ्या राहिल्या. आमच्या पोरीला पुढे बोलावलं. "कापताना दाखवायचं नाही, फक्त ऐकवायचं, हे कसं सुचलं?"

मी मनात म्हटलं, बाळ, आता गप्प बस. म्हण की सुचलं. म्हण की खूप विचार केला. तुझं वर्ष आहे या उत्तरावर.

"सुचलं नाही," ती म्हणाली. "बटण उलटं दाबलं गेलं. सगळे सीन गेले."

सगळी खोली हसली. ती हसली नाही. मानेवर हात फिरवत उभी. बाई मात्र म्हणाल्या, "सीन गेले ते बरं झालं. पण हे शेवटचं तू पाहिलंस, आणि टाकून दिलं नाहीस. ते काही बटणाने केलेलं नाही." आणि मागे वळून आईबापांच्या रांगांत कोणाला तरी शोधायला लागल्या. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. माझ्या बुटांना लेस नाही.

निकाल लागला. तिचं नाव यादीत होतं. सगळ्यात खाली, पण होतं. घरी येऊन ती सांगत होती आणि मी "वा, वा" म्हणत होतो, आणि आतून सारखं वाटत होतं, पास झाली म्हणजे गेली.

जायच्या सकाळी बायको दुकानात आली. वरचा खण उघडला, टॉवेल काढला, वेणी सोडवली, खिडकीपाशी त्या मोकळ्या खुर्चीत बसून विंचरली आणि पुन्हा घट्ट घातली. पोरगी बॅग घेऊन दारात उभी राहून बघत होती. कॅमेरा नव्हता कोणाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "मान जरा सारखी करून द्या ना. निघायच्या आधी."

"बस," मी म्हटलं.

ती त्याच खुर्चीत बसली, आई उठली होती. मी कापड बांधलं, मान पुढे वाकवली, आणि या वेळी बोलत राहिलो. घड्याळवाल्याची मिशी आता कशी आलीय, नव्या गावात पाणी उकळून पी, तिथल्या सलूनवाल्यांवर भरवसा ठेवू नकोस, सगळं. ती हसत होती, मान हलत होती, मी ओरडलो, हलू नकोस. झालं. उठली, कापड झटकलं, मला आणि आईला मिठी मारली आणि गेली. हात हलवायचं मी विसरलो.

जमिनीवर बोटभर लांबीचे काही केस पडले होते. पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी झाडू घेतला आणि बायकोकडे बघितलं.

"झाडा आता," ती म्हणाली. "हे परत येतात."

मी झाडलं. मग त्या गिऱ्हाइकाला म्हटलं, या, बसा, आणि ते त्याच्या नेहमीच्या खुर्चीकडे निघालं तसा मी खिडकीपाशी बोट दाखवून म्हणालो, "इथे बसा. इथे उजेड चांगला आहे."